गुन्हा रक्तात असतो का?

मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाने दुकानातून मोबाइल उचलला, तर तो कुठे शिकतो, कुणाच्या संगतीत असतो, घरात काय चालले आहे, ही चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न असतो, "कुणाचा मुलगा?" बापाचे नाव कळले आणि तो बाप कधी तुरुंगात जाऊन आलेला असला, की विषय मिटतो. "खून का असर है," असे म्हणून माणसे चहाकडे वळतात. रिश्ता जुळवताना, खोली भाड्याने देताना, दुकानात पोरगा कामाला ठेवताना हेच वाक्य निकाल देते.

हे वाक्य खरे आहे का, ते तपासून पाहण्याची गरज आहे. कारण ते फक्त ओट्यावरचे राहिलेले नाही. गेल्या दीडशे वर्षांत विद्वानांनी कवट्या मोजून, गुणसूत्रे पाहून, हजारो मुलांच्या नोंदी ठेवून हाच प्रश्न विचारला. सरकारांनी त्यावर कायदे केले. आणि आजही कुणी "या लोकांच्या रक्तातच गुन्हेगारी आहे" असे म्हणतो, तेव्हा "हे लोक" म्हणजे पुष्कळदा आपणच असतो.

कवटीतला गुन्हेगार

इटलीत चेझारे लोंब्रोसो नावाचे डॉक्टर होऊन गेले (1835–1909). ते तुरीन शहरात प्राध्यापक होते. दक्षिण इटलीतल्या एका कैद्याची कवटी तपासताना त्यांना मागच्या बाजूस एक खोलगट भाग दिसला. असा खळगा माणसांत सहसा नसतो, खालच्या प्राण्यांत असतो, असे त्यांचे मत होते. यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. माणूस म्हणून त्यांची वाढ मागच्या पायरीवर राहिलेली असते. 1876 मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि युरोपभर गाजला. मोठा जबडा, मागे उतरते कपाळ, मोठे कान, लांब हात ही त्यांच्या मते गुन्हेगाराची ओळख होती.

लोंब्रोसो यांनी मोजमाप केले ते प्रामुख्याने कैद्यांचे. तुरुंगात होते कोण? गरीब, अशिक्षित, आणि त्या काळच्या इटलीत बरेचसे दक्षिणेकडचे लोक, ज्यांना उत्तरेकडचे लोक आधीच रानटी समजत. म्हणजे ज्यांच्याविषयी समाजाचे मत आधीच वाईट होते, त्यांचेच चेहरे मोजले गेले आणि तेच मत शास्त्र म्हणून परत आले.

इंग्लंडमधले तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3000 कैद्यांची मोजमापे घेतली आणि त्यांची तुलना विद्यार्थी, सैनिक यांसारख्या बाहेरच्या लोकांशी केली. 1913 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : गुन्हेगाराचा म्हणून वेगळा चेहरा किंवा वेगळी कवटी नसते. गोरिंग स्वतः आनुवंशिकतेला मानणारे होते, तरी त्यांना हे कबूल करावे लागले. लोंब्रोसो यांचा सिद्धांत तिथेच संपायला हवा होता. पण "रक्तात आहे" ही कल्पना संपली नाही. तिने नवे कपडे घातले.

कायद्यात शिरलेले रक्त

आपल्या देशात तर लोंब्रोसो यांच्या ग्रंथाच्याही आधी, 1871 मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद साधा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तसा चोराचा मुलगा चोरच होणार. या एका तर्कावर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांची नावे नोंदवली गेली, पोलिसांकडे हजेरी लावली गेली, परवानगीशिवाय गाव सोडण्यास बंदी झाली. पुढे मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचीही तरतूद झाली. सुरुवातीला हा कायदा उत्तर भारतात होता. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली.

या यादीत मुसलमानही होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. छप्परबंद ही जमात त्यांपैकी एक. नावाचा अर्थ छपरे बांधणारे. इंग्रजांच्या दप्तरात मात्र त्यांची ओळख खोटी नाणी पाडणारे अशी झाली. काही जणांनी तसे केलेही असेल. पण शिक्का बसला तो पाळण्यातल्या बाळावरही.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंदांचे नाव आजही आहे. कायदा जाऊन सत्तर वर्षे उलटली, तरी गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर जाते. कागदावरचा शिक्का पुसता येतो. लोकांच्या मनातला शिक्का पुसायला पिढ्या जातात.

याच विचाराने परदेशांतही हाहाकार माजवला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 1907 मध्ये सराईत गुन्हेगारांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. बीज थांबले की गुन्हा थांबेल, ही कल्पना. ओक्लाहोमा राज्याच्या अशाच एका कायद्यानुसार कोंबड्या चोरल्याचा एक आणि दरोड्याचे दोन गुन्हे नावावर असलेल्या माणसाची नसबंदी ठरली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे एक गोष्ट उघडी पडली : चोराला लागू होणारा हा कायदा अपहार करणाऱ्या कारकुनाला लागू नव्हता. कोंबडी चोरणाऱ्याच्या रक्तात दोष, आणि मालकाची तिजोरी रिकामी करणाऱ्याचे रक्त शुद्ध! 1942 मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. जर्मनीत तोपर्यंत नाझी सरकारने 1933 च्या आनुवंशिक रोगांच्या कायद्याखाली लाखो लोकांची नसबंदी सुरू केली होती आणि त्यापुढचे पाऊलही टाकले होते.

एक जादा गुणसूत्र

1960 च्या दशकात कवटीची जागा गुणसूत्राने घेतली. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते. हजारात सुमारे एका पुरुषात वाय दोन असतात. 1965 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त रुग्णालयातले, हिंसक वा धोकादायक समजले जाणारे रुग्ण तपासले, तेव्हा असे पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. वर्तमानपत्रांनी लगेच "गुन्हेगारीचे गुणसूत्र" सापडल्याचे जाहीर केले. 1966 मध्ये शिकागोत 8 परिचारिकांचा खून करणाऱ्या माणसातही हे जादा गुणसूत्र आहे, अशी बातमी पसरली. तपासणीत ती खोटी ठरली. त्याची गुणसूत्रे इतर पुरुषांसारखीच होती.

मग डेन्मार्कमध्ये काळजीपूर्वक अभ्यास झाला. तुरुंगातल्या लोकांवर न थांबता संशोधकांनी कोपनहेगनमधले 4139 उंच पुरुष तपासले. त्यांत दोन वाय असलेले 12 जण सापडले. त्या 12 पैकी 5 जणांना कधी ना कधी शिक्षा झालेली होती. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते, ते लपवण्याचे कारण नाही. पण त्यांचे गुन्हे बहुतेक किरकोळ होते, हिंसेचे नव्हते. बुद्धिमापन चाचणीत आणि शिक्षणात ते मागे होते, आणि फरकाचे काही स्पष्टीकरण तिथे मिळत होते. 1976 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि रक्तपिपासू गुणसूत्राची गोष्ट मागे पडली.

खरे तर वाय गुणसूत्राविषयी याहून मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे. भारतातल्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे स्त्रिया जेमतेम चार. म्हणजे पुरुष असणे हाच गुन्ह्याशी जोडलेला सर्वांत ठळक शारीरिक फरक. पण म्हणून मुलगा जन्मला की कुणी "गुन्हेगार झाला" असे म्हणत नाही. आपण मिठाई वाटतो. कारण आपल्याला माहीत असते की बहुतेक पुरुष आयुष्यभर कुणाच्या वाटेला जात नाहीत. हा समजूतदारपणा आपण स्वतःच्या मुलाला देतो, कैद्याच्या मुलाला देत नाही.

मग रक्ताचा काहीच संबंध नाही?

असे म्हणणेही खोटे होईल. डेन्मार्कमध्येच 1924 ते 1947 या काळात दत्तक गेलेल्या 14 हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जन्मदाते वेगळे आणि वाढवणारे वेगळे, त्यामुळे रक्ताचा आणि घराचा परिणाम निराळा पाहता आला. निष्कर्ष 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मदाते आणि दत्तक पालक दोघांनाही कधी शिक्षा झाली नव्हती, अशा मुलग्यांपैकी 13.5 टक्के मुलांना पुढे शिक्षा झाली. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल तर 20 टक्के. दोन्हीकडे शिक्षा झालेली असेल तर 24.5 टक्के. जन्मदात्यांशी हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला. हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही.

आता हेच आकडे उलट्या बाजूने वाचा. जन्मदाता गुन्हेगार होता, पण चांगल्या घरात वाढले, अशा 100 मुलांपैकी 80 मुलांच्या नावावर एकही शिक्षा नाही. आणि ज्यांच्या रक्तात वा घरात गुन्ह्याची नोंद नव्हती, अशा 100 पैकी 13 जण तरीही त्या वाटेने गेले. रक्ताने तराजू थोडा झुकतो. निकाल लागत नाही.

दुसरा मोठा अभ्यास न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातला. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1037 मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. मेंदूतली काही रसायने मोडणारे एक एन्झाइम शरीरात असते. ते किती काम करते, हे एका जनुकावर ठरते. काही मुलांत ते कमी काम करते. अशा मुलांपैकी ज्यांना लहानपणी मारझोड, छळ, दुर्लक्ष सोसावे लागले, त्यांचा वाटा सगळ्या मुलग्यांत 12 टक्के होता, पण हिंसेच्या शिक्षांत 44 टक्के. मात्र तेच जनुक असलेली जी मुले मायेने वाढली, ती इतरांपेक्षा अधिक हिंसक झाली नाहीत. 2002 च्या या निष्कर्षांना पुढच्या काही अभ्यासांत दुजोरा मिळाला, काहींत तो संबंध क्षीण दिसला. वर्तमानपत्रांनी याला "लढवय्यांचे जनुक" असे नाव देऊन टाकले. खरे नाव द्यायचे तर "ज्याला मार सोसत नाही असे मूल" असे द्यायला हवे. कमी कार्यक्षम जनुक तर सुमारे एकतृतीयांश पुरुषांत असते. ते सगळे काही तुरुंगात नाहीत.

म्हणजे ज्या मुलाला आपण "बापासारखा तापट" म्हणतो, त्याला चामड्याच्या पट्ट्याने सरळ करू पाहणे हा सर्वांत उलटा इलाज आहे. जो स्वभावाने कोवळा आहे त्याला सांभाळून घ्यावे लागते.

शरीर बिघडते, ते कुणी बिघडवले?

शरीराचा आणि वागण्याचा संबंध फक्त जनुकांपुरता नाही. डोक्याला जबर मार, गरोदरपणी आईच्या शरीरात गेलेली दारू, आणि शिसे हा धातू, या तिन्हींनी मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा होते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जन्मापासून ज्यांच्या रक्तातले शिसे मोजले होते, अशी मुले मोठी झाल्यावर त्यांच्या अटकेच्या नोंदी पाहिल्या गेल्या. लहानपणी रक्तात शिसे जास्त, तर पुढे अटकाही जास्त, असे 2008 मध्ये दिसून आले.

ही गोष्ट आपल्या घराच्या फार जवळची आहे. भारतात पेट्रोलमधले शिसे 2000 साली बंद झाले. पण जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम अनेक वस्त्यांत घराच्या अंगणात चालते. जुन्या रंगाचे पोपडे मुले तोंडात घालतात. आणि बाजारातला सुरमा! सुन्नत म्हणून आपण तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घालतो, तो सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून बनवलेला असतो. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. सुरम्याच्या डबीवर काय लिहिले आहे ते वाचा. खात्री नसेल, तर लहान मुलांना तो घालू नका. प्रकृतीला अपाय करणारी वस्तू टाळणे हेही दीनच आहे.

इथे "जीवशास्त्र" या शब्दाचा अर्थच बदलतो. शरीरातले कारण सापडले म्हणजे ते नशीब झाले, असे नव्हे. पुष्कळदा ते कारण बाहेरून आत आलेले असते आणि बाहेरच थांबवता येते.

दीन काय शिकवतो

आपल्या दीनने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. प्रत्येक मूल निर्मळ फितरतवर जन्माला येते, आणि कयामतच्या दिवशी कुणी दुसऱ्याच्या गुन्ह्याचे ओझे उचलणार नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कुरआनातल्या घराण्यांकडे पाहा. हाबील आणि काबील एकाच आईबापांची मुले; एक निरपराध, दुसरा पहिला खुनी. हजरत नूह (अ.) यांचा मुलगा बापाच्या नावेत चढला नाही. हजरत इब्राहीम (अ.) यांचे वडील मूर्तिपूजक होते. नबीच्या घरात रक्त कामाला आले नाही आणि आझरच्या घरात आडवे आले नाही.

अबू जहलपेक्षा मोठा शत्रू कोण होता? त्याचा मुलगा इक्रिमा (रजि.) मक्का विजयानंतर इस्लाममध्ये आले. सीरतच्या पुस्तकांत येते की ते येत आहेत हे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना बजावले, त्यांच्या बापाला त्यांच्यासमोर वाईट बोलू नका. बाप जिवंत नव्हता, त्याचा गुन्हा खरा होता, तरीही मुलाला त्याचा टोमणा मारण्याची मनाई झाली. आणि ज्यांचे नाव आपण औलियांमध्ये घेतो ते फुजैल बिन अयाज (रह.) तौबा करण्याआधी वाटमारी करीत.

आपण इथे एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. तुरुंगांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. हे दाखवून कुणी आपल्या कौमवर बोट ठेवले की आपण योग्य उत्तर देतो : देशातल्या चार कैद्यांपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, गरिबी, वकील न मिळणे, जामिनाला पैसे नसणे, पोलिसांची नजर, हे सगळे त्या आकड्यात आहे. उत्तर बरोबर आहे. पण मग शेजारच्या गल्लीतल्या कैद्याच्या मुलाविषयी "खून का असर" कुठल्या तोंडाने म्हणायचे? जो न्याय आपण जगाकडे मागतो, तो आपल्या ओट्यावर आधी द्यायला हवा.

जबाबदारी कुणाची?

कुणी म्हणेल, जनुके, शिसे, मारझोड ही कारणे सांगत बसलो तर गुन्हेगार सुटून जाईल. 2009 मध्ये इटलीतल्या एका न्यायालयाने अल्जेरियातून आलेल्या एका खुन्याची शिक्षा, त्याच्या मानसिक आजाराबरोबर याच एन्झाइमच्या जनुकाचाही विचार करून, एक वर्षाने कमी केली, तेव्हा हाच वाद झाला. पण कारण समजणे म्हणजे माफ करणे नव्हे. शरीअतमध्ये लहान मूल, झोपलेला आणि वेडा यांच्यावरून कलम उचललेले आहे. आपल्या देशाचा कायदाही सात वर्षांखालच्या मुलाला आणि कृत्याचे भान नसलेल्या मनोरुग्णाला गुन्हेगार धरत नाही. बाकी आपण सगळे आपल्या कृत्याला जबाबदार आहोत. राग लवकर येतो हा स्वभाव असेल. हात उचलणे हा निर्णय आहे. त्या निर्णयाची सवय लावणे यालाच तरबियत म्हणतात.

2015 च्या बाल न्याय कायद्यात "नवी सुरुवात" हे एक तत्त्वच आहे. चुकलेल्या मुलाची जुनी नोंद, काही गंभीर अपवाद सोडता, पुसली जावी आणि त्याच्यासाठी हिणवणारे शब्द वापरू नयेत, असे हा कायदा सांगतो. कायदा एवढे म्हणतो, तर आपण शेजारी आणि नातेवाईक म्हणून त्याहून मागे राहता कामा नये.

ज्याच्या घरातला कर्ता माणूस आत आहे, त्या घरासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. पालक तुरुंगात असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे; तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. ते मूल शाळेत टिकेल याची काळजी मोहल्ल्यातल्या दोन घरांनी जरी घेतली, तरी खूप झाले. वर्गात शिक्षकांनी आणि मदरशात उस्तादांनी त्याच्या बापाचे नाव टोमण्यासाठी घेऊ नये. ईदच्या दिवशी त्याच्या घरी शिरखुर्मा आठवणीने पाठवावा, आणि तो मुलाच्या हातात द्यावा.

डेन्मार्कच्या त्या शंभरातली ऐंशी मुले कुणीतरी आपले म्हणून वाढवली होती. आपल्या गल्लीतले मूल त्या ऐंशीत राहावे की वीसात जावे, यात आपलाही वाटा आहे, आणि त्या वाट्याचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे. अल्लाह आपल्याला तो हिशेब सोपा होईल असे वागण्याची तौफिक देवो. आमीन.